उजव्या कडेचा बाण

धाकटीने तीच तीन बटणं पुन्हा दाबली आणि कान पुढे केला. संगणकाचा पंखा फिरत होता, बाकी काही नाही. एरवी त्या बटणांसरशी पडदा वाचून दाखवणारा आवाज बोलू लागे. त्या आवाजावरच तिचं सगळं काम चाले. काल संगणक चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती चढवली आणि सकाळी यंत्राची वाचाच बसली.

तिने ते बंद करून चालू केलं. आज्ञा लिहायची खिडकी, टर्मिनल, उघडली असेल असं धरून पाठ असलेल्या आज्ञा टाइप केल्या. उघडली होती की नाही, कोण सांगणार?

फोन वाजला. पाणीपुरवठ्याच्या तक्रारींना ती घरून उत्तरं लिहायची, तिथला पर्यवेक्षक होता.

"बाई, मागच्या महिन्यातही हेच झालं. बारापर्यंत तुमचं लॉगिन दिसलं नाही, तर मला दुसरं माणूस बसवावं लागेल. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

"दिसेल," ती म्हणाली. फोन ठेवताना तिचा हात टेबलाच्या कडेवर आपटला.

तिने लगेच फोन केला तशी मागच्या गल्लीतली थोरली बहीण धापा टाकत आली.

"काय गं चिमणे, रडतेस का?"

"नाही. ताई, थोडा वेळ तुझे डोळे दे."

ताई क्षणभर दारातच थांबली. मग खुर्ची ओढून बसली.

"इंग्रजीच्या मुंग्या आहेत नुसत्या."

"एकेक मुंगी सांग."

ताई अक्षरं सांगत गेली, धाकटी टाइप करत गेली. दोनदा ओळ चुकली, दोनदा पहिल्यापासून. शेवटी आवाजाच्या सेटिंगची खिडकी उघडली.

"मॉनिटर असं लिहिलंय," ताई म्हणाली.

धाकटीने कपाळावर हात मारला. सगळा आवाज मॉनिटरकडे जात होता, आणि मॉनिटरला स्पीकरच नव्हता.

"त्याच पट्टीत उजव्या कडेला बाण असेल. त्यावर क्लिक कर."

"बाण नाही."

"असतो गं."

"नाही म्हटलं ना! मी काय आंधळी आहे?"

धाकटीची बोटं की-बोर्डवर थांबली.

"तसं नव्हतं म्हणायचं मला," ताई पुटपुटली.

"माहितेय. बारा वाजत आले, ताई. हे काम गेलं तर मला पुन्हा दारात कोण उभं करणार?" धाकटी म्हणाली. तिने हात लांब करून मॉनिटर चाचपला आणि त्याच्या उजव्या कडेवर बोट टेकवलं. "इथे. माझ्या बोटापाशी बघ."

खुर्ची करकरली. ताईचा आवाज एकदम दुसरीकडून आला, कोणी खोलीत आलं म्हणून मान वळवून बोलावं तसा.

"अगं हो. आहे की मेला."

ताई वाचत होती त्या शब्दापासून बाण जेमतेम वीतभर अंतरावर होता. तेवढ्यासाठी एवढी मान वळवायची?

"आता यादीत स्पीकर शोध," धाकटी हळू म्हणाली आणि ऐकत राहिली. ताईचा आवाज एकेका नावाबरोबर मानेसकट खाली सरकत होता. मग क्लिक झालं आणि यंत्र भडाभडा बोलायला लागलं. धाकटीने लॉगिन केलं. पर्यवेक्षकाचा निरोप आला: दिसलं.

"सुटलीस बाई. निघते मी," ताई उठली.

धाकटीने तिचं मनगट धरलं.

"कडा कधीपासून गेल्या?"

आईच्या डोळ्यांचं दुखणं असंच होतं. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग अंधार आत आत येत गेला. धाकटीचंही तसंच झालं. ताई तेवढी सुटली, असं घरात सगळे म्हणायचे. आईने तर जाताना देवाचे आभार मानले होते.

"भावजींना सांगितलंस?"

"कुणालाच नाही. तुला तर मुळीच सांगणार नव्हते."

पहिली तक्रार येऊन पडल्याचं यंत्राने सांगितलं. धाकटीने तिला उत्तर लिहिलं. ताई तशीच उभी होती. दुसरं उत्तर झाल्यावर धाकटीने आवाजाचा वेग कमी केला, आणखी कमी केला. यंत्र एकेक शब्द सुटा करून बोलू लागलं. मग तिने ताईला खाली बसवलं आणि तिच्या दोन्ही तर्जन्या की-बोर्डवर ठेवल्या.

"डोळे मीट. दोन बटणांवर बारीकसा उंचवटा असतो, तो शोध. बाकीची बटणं तिथूनच मोजायची."

"आत्ता? तुझं काम?"

"आत्ताच. अजून दिसतंय तोवर."

ताईची बोटं बराच वेळ बटणांवरून फिरत राहिली.

"लागला," ती म्हणाली. "एक लागला."