तहसीलदाराला घरी पोचवताना

तहसीलदार परत सुटला, तेव्हा मी माझ्या शेतातल्या निंबाखाली भाकर सोडत होतो.

तहसीलदार म्हणजे शालिग्रामचा बैल. न विचारता कुणाच्याही शेतात शिरायचं, चार ठिकाणी तोंड घालायचं आणि डुलत निघून जायचं, म्हणून गावानं त्याचं हे नाव ठेवलेलं. शिंकला तर सातपुड्यावरची माकडं झाड बदलायची. खोटं वाटत असेल तर चोपड्याच्या बाजारात कुणालाही विचारा. माझं नाव सांगू नका म्हणजे झालं.

तर तो माझ्या शेजारच्या शेतात, शेवंताबाईच्या दादरीत शिरला. ज्वारीची कणसं दुधात आलेली, ती त्यानं लग्नातल्या पंगतीसारखी आरामात खाल्ली. मग बांधाजवळ गेला. तिथं तिच्या नवऱ्याची, अमृतची कबर आहे, चुन्यानं रंगवलेला क्रूस आहे. कबरीवरची हराळी ओरबाडायला लागला.

शेवंताबाई झोपडीतून निघाली. हातात काठी नाही, दावं फक्त.

"चाल रे बाबा. भरनं ना पोट? चाल आते."

मी निंबाखालून म्हटलं, "कोंडवाडामा घाला तेले एकदाव. दोन दिन उपाशी ऱ्हायना म्हणजे बठ्ठी तहसीलदारी उतरी जाई."

"नही, नाना. माले तसा हुकूम नही."

"कोना हुकूम?"

तिनं हनुवटी वर केली. वर तर नुसतं कोरडं आभाळ होतं, त्यात एक घार.

आमच्या गावात ख्रिस्ती घर हे एकच. अमृत लहानपणी चोपड्याच्या मिशनच्या बोर्डिंगात शिकला, तिथंच येशूला धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. लेक सुलक्षणा नाशिकला नर्स. आता रविवारी शेवंताबाई दारात चटई टाकून एकटीच उपासना करते. गाणं तिचं, प्रार्थना तिची, आमेनही तिचंच. समोर तिची शेळी बसलेली असते. ती प्रवचन चालू असताना गावातल्या बऱ्याच माणसांपेक्षा कमी झोपते.

आणि शालिग्राम? अमृतचा जिवाभावाचा दोस्त. पण अमृत गेला आणि त्याला त्याच्याच शेतात पुरायचं ठरलं, तेव्हा शालिग्राम बिथरला. बांधाच्या पलीकडे लगेच त्याची विहीर. "बांधले लागी मढं पुराव, आनी मन्ही हीरनं पानी मी पेव?" म्हणाला, आणि गावातून शेताकडे येणाऱ्या वाटेवर बोरीच्या काट्या रचून मोकळा झाला. वाट त्याच्या शेतातून जाते. पावसाचे दिवस. अमृतची पेटी नाल्यातून गुडघाभर गाळ तुडवत न्यावी लागली. एका जागी पेटी कलली, तेव्हा शेवंताबाईनं स्वतः खांदा दिला. त्या काट्या तेव्हापासून तिथंच. गावात जायचं तर ती नाल्यातून जायची.

बैलालाही ती नाल्यातूनच नेई. शालिग्रामच्या दाराशी खुंट्याला बांधी, घराकडे पाठ करून परत. तोही आत बसून खोकत राही. त्याची बायको गेलेली, पोरं सुरतेला. त्या घरात बोलणारं काही असेल तर छपरावरचा पत्रा.

महिन्यातून एकदा चोपड्याहून पाळकसाहेब मोटरसायकलवर यायचे. राजदीप नाव, कोवळं पोरगं. शेवंताबाईनं त्यांना धरलं.

"साहेब, शत्रूना बैल मोकाट दिसना त तेना घर पोचाडवा, आसं पवित्र शास्त्रमा शे ना?"

"आहे, मावशी."

"कितला खेप? काही हद्द?"

"हद्द लिहिलेली नाही."

"तोंड वाकडं करीसन पोचाडं त चालस का?"

मला हसू आवरेना. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. "मावशी, बैल तर तुम्ही परत दिला," म्हणाले. "मनातलं बाकीचं देवाला द्यायचं की नाही, ते त्यालाच विचारा. मला विचारलंत तर मी तुम्हाला सूट देऊन बसेन."

ते गेल्यावर ती कबरीपाशी बसून होती. काय विचारलं, काय उत्तर आलं, मला ठाऊक नाही. देव काय बोलला ते मी एरवी सहज रचून सांगितलं असतं, पण त्या बाईचा चेहरा बघून माझ्यासारख्याचीही जीभ वळली नाही.

पुढच्या खेपेला तहसीलदार निघाला, तेव्हा मीही मागोमाग गेलो. तमाशा बघायला म्हणा. तिनं बैल खुंट्याला बांधला. वळली. थांबली. कुणी मानगूट धरून फिरवावं तशी परत फिरली आणि शालिग्रामच्या ओट्यावर बसली.

"पानी मिळी का, भाऊ?"

आत भांडं पडल्याचा आवाज आला. शालिग्राम लोटा घेऊन आला, अर्धं पाणी वाटेत सांडलेलं. ती प्याली. त्याच विहिरीचं.

"दादर खादी का तेनी?" शालिग्रामनं विचारलं.

"खादी."

"आनी... तठलं गवत?"

"तेबी खादं. बरं जयं. मना हातथीन ते कापाई नही जास."

शालिग्रामनं टोपी काढली, झटकली, परत घातली. धूळ काही नव्हती तिच्यात.

त्यानंतर गंमत झाली. तहसीलदार फारच सुटायला लागला. एकदा माझ्या डोळ्यांनी बघितलं: शालिग्राम गोठ्यात आला, इकडेतिकडे पाहिलं, आपल्या हातानं दाव्याची गाठ सोडली आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. बैल बिचारा निजला होता. कुरकुरत उठला आणि नोकरीवर निघाला.

"दावं जुनं जयं वाटस," मी म्हटलं.

"हा ना, नाना. घडीघडी तुटी जास."

आणि शेवंताबाई आली की ओट्यावर पाणी भरून ठेवलेलं असायचं. मी ही गोष्ट गावात कुणाला सांगितली नाही. जन्मात एवढी एकच माझ्या पोटात राहिली, आणि तिच्यानं मला अपचन झालं.

उन्हाळा आला. आमच्याकडे चैत्रात सावल्यासुद्धा झाडाखाली जाऊन बसतात. अशा उन्हात म्हातारा तहसीलदार एक दिवस बसला तो उठला नाही. शालिग्रामनं त्याला आपल्याच शेतात पुरलं, विहिरीला लागून. बांधाच्या अलीकडे बैल, पलीकडे अमृत. पाण्याचं काय, असं त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दादर कापून झालेली. शेवंताबाई रोज कबरीपाशी बसायची, तोंड बांधाकडे. हुकूम पाळायला काही उरलं नव्हतं. "नाना," एकदा म्हणाली, "आज्ञा जड व्हती तवय बरं व्हतं." कबरीवर हराळी वाढत होती.

एका सकाळी शेळी ओरडली म्हणून मी पाहिलं. दादरीच्या धसकटात शालिग्राम उभा. खांद्यावर बैलाचं दावं. हात कोपरापर्यंत ओरबाडलेले, रक्त वाळलेलं.

शेवंताबाई उठली. "काय व्हयनं, भाऊ?"

"आते बैल नही ऱ्हायना, वैनी." अमृत असताना तो तिला वैनी म्हणायचा. "मीच सुटी उनू."

तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दादर खादी का?"

"नही. दात कोठे शेतस?"

शेवंताबाईनं तोंडाला पदर लावला. हसली की काय केलं, मला इथून दिसलं नाही. मग त्याचे हात बघितले आणि त्याच्या मागं नजर टाकली. बोरीच्या काट्या दोन्ही अंगाला ओढलेल्या. मधून वाट मोकळी.

शालिग्राम अमृतच्या कबरीपाशी वाकला, मूठभर हराळी उपटली. परत एक मूठ. साफ व्हायला बराच वेळ लागला.

मग ती म्हणाली, "चाला. पोचाडी देस तुम्हले."

दोघं त्या वाटेनं गेले. पुढं ती, चार हात मागं तो, दावं खांद्यावरच. अमृतला ज्या वाटेनं यायचं होतं, ती ही.

येताना ती एकटी होती. तीही त्याच वाटेनं आली, पायांत जुनी काटी रुतेल म्हणून जपून, हळू.