फाटकाशी खाकरणं

मयूरच्या घशाला काही झालेलं नव्हतं. तरी घरी परतताना फाटकाशी तो एकदा खाकरायचाच, कारण त्याचे वडील भालचंद्र तसे खाकरायचे. सासऱ्याने घरात शिरताना खाकरावं, म्हणजे बायकांना पदर सावरायला सवड मिळते, ही निर्मळ गावातली जुनी रीत. रीत चांगलीच, पण भालचंद्रांनी तिचा धाक करून टाकला होता. ते खाकरले की घर चिडीचूप व्हायचं आणि लहानगा मयूर मागच्या दाराने केळीत पसार व्हायचा. आपण असा बाप व्हायचं नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं. ठरवायला काय जातं?

तसा मयूरने मुलीवर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. त्याला फक्त शांतता लागायची. घरात गलका ऐकू आला की जेवण होईपर्यंत तो कपाळाला आठ्या घालून बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. दिवसभर वालीवच्या कारखान्यात खडखडाट ऐकणाऱ्या माणसाने एवढंही मागू नये का, असं त्याचं म्हणणं. आपण खाकरलो की टीव्ही बंद होतो, पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि पाच वर्षांची रिद्धी शहाण्यासारखी कोपऱ्यात जाऊन बसते, हे तो कारखान्यात मोठ्या कौतुकाने सांगायचा.

त्या दिवशी कारखान्याची वीज गेली आणि सगळ्यांना लवकर सोडलं. वाटेत स्कूटर पंक्चर झाली. ती तळ्याजवळच्या दुकानात टाकून मयूर वाडीतल्या पायवाटेने घराच्या मागच्या बाजूला आला. पडवीत हसणं चाललं होतं. त्यातलं एक हसणं आपल्या बायकोचं, अक्षयाचं आहे, हे त्याला पटायला वेळ लागला. तो केळीआडच थांबला.

अक्षया वाल सोलत होती, मयूरची आई यशोदा फुलं गुंफता गुंफता कसलीशी गंमत सांगत होती. रिद्धीने त्याचा शर्ट चढवला होता, तो तिच्या घोट्यापर्यंत आला होता. शेजारची जीना ओढणीची साडी नेसून आई झाली होती. रिद्धी पायरी उतरून बाहेर गेली, हनुवटी खाली घेतली आणि खाकरली. अगदी हुबेहूब.

"हसायचं नाही. बाबा आले," तिने जीनाला बजावलं.

"मग काय करायचं?"

"काही नाही. त्यांचं जेवण होईपर्यंत गप्प बसायचं."

जीना तोंड दाबून हसत राहिली. यशोदा मात्र बोलता बोलता मध्येच थांबली होती. तिचा हात आपसूक डोक्याकडे गेला होता आणि पदर कपाळापर्यंत आला होता. भालचंद्रांना जाऊन सहा वर्षं झाली होती. भानावर येऊन तीच ओशाळली आणि पुन्हा फुलं गुंफायला लागली.

मयूरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची आई काही खेळात नव्हती. ज्या माणसापासून तो केळीत पळायचा, तो माणूस त्यानेच घरात पुन्हा आणून बसवला होता, आणि आता पोरगी त्याच्या लकबी उचलत होती. तिला कुणी शिकवायला बसलं नव्हतं. त्याला तरी कुठे बसलं होतं?

गुपचूप मागे फिरावं आणि नेहमीसारखं फाटकातून यावं, असं त्याला वाटलं. खाकरायला घसा खवखवलाही. पण न खाकरताच तो पडवीत शिरला. अक्षया झटकन उठून पाणी आणायला गेली. रिद्धी घाईघाईने शर्ट काढायला लागली, तर तो डोक्यात अडकला. मयूरने तो हलकेच सोडवला. ती रडवेली झाली होती.

"तुम्ही खाकरलाच नाहीत," ती म्हणाली. "आम्हाला कळणार कसं?"

मयूर जमिनीवर बसला. मलाही खेळायला घ्या, म्हणाला. आपण हे आयुष्यात पहिल्यांदा विचारतोय, हे त्याला विचारताना जाणवलं. रिद्धीने आधी आजीकडे पाहिलं, मग जीनाकडे. तिला त्याचा राग आला नव्हता. नवीन भिडूला नियम सांगावा तसं तिने त्याला समजावलं.

"घेतलं असतं. पण बाबा आले की खेळ संपतो."