भिंतीला एकही खिळा नाही

फ्रिज उघडण्याआधी बंडूजींनी सवयीने डावा हात बायकोच्या, अनुसयाबाईंच्या फोटोवर ठेवला. फ्रिजच्या डोक्यावर उभा केलेला तो फोटो, दार ओढलं की पुढे सरकायचा. बाई गेल्यापासूनच्या दोन वर्षांत एकदाच खाली आला होता. काच फुटली नाही, पण तेव्हापासून दार ओढण्याआधी हात फोटोवर जायचा. त्यांनी पाण्याची बाटली काढली, फोटो मागे सरकवला आणि बाटली गजेंद्रसमोर ठेवली.

गजेंद्र हा घरमालक भैय्याजींचा मुलगा. भैय्याजी मागच्या वर्षी नागपुरात वारले. आता त्यांच्या नातीला, म्हणजे गजेंद्रच्या मुलीला, गुंजनला, सावंगीच्या मेडिकलला प्रवेश मिळाला होता आणि तिच्यासाठी हा फ्लॅट हवा होता. गजेंद्रने तीन महिने आधी स्वतः येऊन, मान खाली घालून सांगितलं होतं. बंडूजींची पंचाईत तीच होती. रागवावं असं कुणी समोर नव्हतंच.

बावीस वर्षं झाली. आंजी गावची वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बंडूजींनी इमारतीच्या गेटसमोर भाजीचं दुकान टाकलं, त्याच महिन्यात ते दोघं नवरा-बायको इथे दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. मुलगा स्वप्निल इथेच वाढला, नागपूरला नोकरीला लागला, तिथे त्याने स्वतःचं घर घेतलं. एकतीस तारखेला बंडूजी त्या घरी जाणार होते. दुकान त्यांनी हाताखालच्या हरिदासच्या हवाली केलं होतं. भांडीकुंडी खोक्यात बांधून झाली होती. फक्त फोटो तेवढा बांधवत नव्हता.

गजेंद्र खोलीभर नजर फिरवत होता.

"काकाजी, बावीस वर्षांत एकही खिळा नाई ठोकला तुम्ही? काऊन?"

"तुमच्या बाबायनं सांगतलं होतं. बाकी कसंई राहा, पण भिंतीले खिळा ठोकू नका."

गजेंद्रला हसू आलं. "बाबा तर सगळ्याच किरायदारायले सांगत. आयकलं कोणीच नाई. खालच्या फ्लॅटात तर भिंतीची चाळणी झाली."

बंडूजीही हसले, पण ते हसणं काही त्यांच्या तोंडावर टिकलं नाही. स्वप्निलची बक्षिसं, लग्नातला फोटो, अनुसयाबाईंनी माहेरून आणलेला आरसा, सगळं बावीस वर्षं कशाला ना कशाला टेकून उभं राहिलं होतं. आणि शेवटी अनुसयाबाईसुद्धा.

"आलमारी जरा सरकवू का? पोरीच्या टेबलाचं माप घेतो," गजेंद्र म्हणाला.

दोघांनी मिळून लोखंडी आलमारी कोपऱ्यातून ओढली. मागची भिंत दिसली आणि बंडूजी जागच्या जागी थांबले. भिंतीत एक खिळा होता. खिळ्याला मळकट लाल कापडाची पुरचुंडी लटकत होती.

"मी नाई ठोकला," ते शाळेत पकडलेल्या पोरासारखे म्हणाले. "खरं सांगतो, बाबू, मले ठाऊकच नाई."

समोरच्या फ्लॅटमधल्या कुंताबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. अनुसयाबाईंची नि त्यांची वीस वर्षांची मैत्री. भिंतीकडे बघून त्यांनी कपबशा खोक्यावर ठेवल्या.

"तो अनुसयानं ठोकला, भाऊजी. वरवंट्यानं. मी आलमारी धरून उभी होती."

"तिनं? मले न सांगता?"

"तुम्ही ठोकू दिला असता का?"

बंडूजींनी पुरचुंडी काढली. गाठ कडक झाली होती. आत एक रुपया आणि एक सुपारी निघाली.

"केळझरच्या गणपतीचा नवस आहे," कुंताबाई म्हणाल्या. "पूर्ण होईपर्यंत घरात टांगून ठेवा लागते. कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून तिथं."

नवस कशाचा, ते बंडूजींनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, ते आपल्याला कळलंच आहे. ते पलंगाच्या कडेवर बसले.

"घर मागतलं असन तिनं, दुसरं काय," ते म्हणाले. "जनमभर किरायाच्या घरात ठेवलं मी तिले. नालवाडीचा प्लॉट दाखवला, तर म्हणे दूर पडते. मले वाटलं, माह्या मनाले लागू नये म्हणून म्हणते."

"खरंच दूर पडत होता," कुंताबाई म्हणाल्या. "नवस घराचा नव्हता, भाऊजी. माहे डोळे मिटतपर्यंत या घरातून हलवू नको, असं बोलली होती ते."

"या घरातून? हे तर आपलं नाईच."

कुंताबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे हात केला.

"तिथून तुमचं दुकान दिसते. दुकानातला लाईट बंद झाला का अनुसया लगेच तवा ठेवे. तुम्ही जिना चढून हातपाय धुवून बसेपर्यंत पहिली पोळी होये. मले म्हणे, नालवाडीच्या खिडकीतून हे मले काय दिसन?"

बंडूजींनी खिडकीकडे पाहिलं. त्यांची कधी घरी यायची एक वेळ नव्हती. गिऱ्हाईक असलं की नऊ, नसलं की साडेसात. तरी पोळी नेहमी तव्यावरचीच मिळाली. बायकोला वेळ बरोबर साधते, एवढंच ते बावीस वर्षं समजत आले होते. आज खरं काय ते कळलं, हे तिला सांगावंसं वाटलं, आणि सांगायला ती नव्हती.

ती याच खोलीत गेली होती, याच पलंगावर.

"मंग नवस तर पुरा झाला," ते म्हणाले. "फेडाचाच राह्यला."

गजेंद्रने टेप गुंडाळला. "खिळा राहू द्या, काकाजी. गुंजनले कामी येईन."

तो गेल्यावर बंडूजींनी फ्रिजवरचा फोटो उतरवला, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि त्या खिळ्याला लावला. खिळा पुरुषाच्या मानाने खाली होता. फोटोतला चेहरा बरोबर तिथे आला, जिथे अनुसयाबाई उभ्या राहिल्या की यायचा.

संध्याकाळी कुंताबाईंनी नेहमीसारखा डबा दिला. तो झाकलेलाच राहिला. बंडूजी स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन खिडकीशी बसले. समोर हरिदास मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होता. एक बाई आली, मग दोन विद्यार्थिनी आल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दुकानातला लाईट बंद झाला.

बंडूजी उठले. त्यांनी खोक्याची सुतळी सोडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तवा बाहेर काढला आणि गॅसवर ठेवला.