पडण्याचं कसब

“लाथ जोरात हाना जी. भेऊ नका,” श्रावण म्हणाला.

तहसील कचेरीतले कारकून नीळकंठराव पाय उचलून तसेच उभे राहिले. पांढरकवड्याच्या बाजारात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता आणि भरदुपारी आत ही तालीम चालली होती. डोक्याला पाटलाचा फेटा बांधून झाला होता, पण लाथ मारायची म्हणताच नीळकंठरावांना घाम फुटला होता.

“अहो, लागली म्हणजे?”

“लागत नाई. चार बोटं अलीकडं थांबवाची. पडनारा पडते, म्हनून लागल्यावानी दिसते. समोर पाहाचं, मनात एक, दोन, तीन मोजाचं नं हानाची. माह्याकडं पाहू नका, नाई तं हसान.”

आणि श्रावण पडला. बावन्न वर्षांचा गडी तीन कोलांट्या घेत तंबूच्या खुंटापर्यंत गेला आणि धूळ झटकत उठला. टॉकीजचे मालक श्रीकृष्णराव बघतच राहिले.

बघणारच. मूकपटांच्या काळात हा माणूस मुंबईत अकरा चित्रपटांत पडला होता. जिन्यावरून पडला, बैलगाडीतून पडला, एकदा तर हत्तीवरून पडला. पाटीवर नाव कधी आलं नाही, पण तो पडद्यावर दिसला की लोक सावरून बसायचे. मग चित्रपट बोलायला लागला. श्रावणला एक वाक्य म्हणायला लावलं. त्यातलं ‘मला’ऐवजी ‘मले’ ऐकून सगळे इतके हसले की हा बिचारा समजला, काम पक्कं झालं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या फाटकातून त्याला आत सोडलं नाही. गावी परतून जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे उचलू लागला. मुंबईची हकिगत सांगितली तर कुणाला खरी वाटेना. सत्तावीस वर्षं सगळा गाव ‘काय शिनेमावाले!’ म्हणून त्याची टर उडवत होता. बायकोनंही त्याला पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं.

आता श्रीकृष्णरावांना कुठल्याशा गोदामात त्या अकरांतल्या एकाचं रीळ मिळालं होतं. त्यात श्रावण झालेला गडी पाटलाला तीन वेळा वाकून जोहार घालतो आणि तिसऱ्या जोहाराला लाथ खातो. तिसऱ्या जोहाराआधी यंत्र थांबवायचं, गॅसबत्ती लावायची आणि खऱ्या श्रावणनं पडद्यापुढे येऊन तेच करायचं. मग पुढचं रीळ चालू.

“लोकांना आवडलं तर माझ्याबरोबर निघायचं, श्रावण मास्तर,” श्रीकृष्णराव म्हणाले. “वणी, दिग्रस, पुसद. जिनात कशाला कुजता?”

सत्तावीस वर्षांनी कुणीतरी मास्तर म्हणालं होतं.

घरी रुखमाबाईनं सगळं ऐकून घेतलं. दोन वर्षांपूर्वी दोघांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. त्या दिवसापासून त्यांच्या वस्तीतलं कुणी जोहार घालत नव्हतं, मेलेलं ढोर ओढत नव्हतं. त्यापायी बोलणी खाल्ली, कामं गेली, पण कुणी वाकलं नाही.

“मानसं म्हनतीन, जोहार सोडला नं लाथ ठेवली,” ती म्हणाली.

“ते कसब हाय वं! लाथ लागत नाई त्यात.”

“पाहनाऱ्याले लागते.”

“सारा जलम लोकं मले खोटा म्हनून राह्यले. एक डाव त्याईले दिसू तं दे!”

“मले बी पाहाचं हाय तुमाले,” रुखमाबाई म्हणाली. “पन वाकलेलं नाई.”

संध्याकाळी तंबू भरला. पुढे खुर्च्यांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी, मागे जमिनीवर बाकीचे. वस्तीतली माणसं अगदी मागे होती. पडद्याआडून श्रावण कान देऊन ऐकत होता. रीळ सुरू झालं आणि कापडावर बावीस वर्षांचा श्रावण दुडदुडत आला. “अरे, हा तं आपला शिनेमावाला!” कुणीतरी ओरडलं. खरं ठरलं! मग तो पोरगा वाकला, कपाळ मातीला लावलं. खुर्च्या हसल्या. पुन्हा वाकला. खुर्च्या आणखी हसल्या. मागे मात्र कुणी हसत नव्हतं. आपल्याला कोण हसतंय आणि कोण नाही, हे श्रावणनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

यंत्र थांबलं. गॅसबत्ती फुरफुरली. नीळकंठराव फेटा सावरून समोर बघत उभे राहिले. श्रावण त्यांच्यापुढे आला आणि ताठ उभा राहिला. वाकला नाही. नीळकंठरावांनी शिकवल्याबरहुकूम एक, दोन, तीन मोजले आणि लाथ हाणली.

ती श्रावणच्या कमरेपासून चार बोटं अलीकडे थांबली आणि तिथेच राहिली. समोरचा पडल्याशिवाय पाय खाली घ्यायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. कारकूनसाहेब एका पायावर डुलायला लागले. श्रावणनं सावकाश त्या पायाकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे, मग लोकांकडे.

हसू मागून उठलं. बघता बघता खुर्च्यांपर्यंत पोचलं आणि त्यांनाही आवरेना.

“पडा! मास्तर, पडा!” श्रीकृष्णराव आडोशातून ओरडले.

“कायले पडू जी?” श्रावण साऱ्या तंबूला ऐकू जाईल असं बोलला. “मले लाथ तं लागलीच नाई!”

श्रीकृष्णरावांनी राहिलेलं रीळ लावलं नाही. “माझ्या तंबूत पुन्हा पाऊल टाकू नका,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तंबूच्या गाड्या वणीच्या रस्त्याला लागल्या. श्रावण जिनाच्या दारात उभा राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होता. त्याचं तारुण्य एका डब्यात बंद होऊन चाललं होतं. परत बोलवावं असं वाटलं, नाही असं नाही. पण तो जागचा हलला नाही.

तिथेच कापूस निवडणारी रुखमाबाई त्याच्याजवळ आली.

“अर्धंच पाह्यलं तुमाले,” ती म्हणाली. “पुढं काय होतं जी?”

श्रावणनं आवारात नजर टाकली. पाटील नव्हता, मालक नव्हता. कापसाचा मोठा ढीग होता आणि निवडणाऱ्या बाया होत्या. त्यानं टोपी काढून तिच्या हातात दिली, चार पावलं मागे सरला, धावला आणि स्वतःच्या मर्जीनं पडला. तीन कोलांट्या घेऊन ढिगात असा गडप झाला की बाया हातातलं काम सोडून हसायला लागल्या. रुखमाबाई तर डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसली.

कापसातून आधी एक हात वर आला.

“थांबा, उठवते,” ती पुढे झाली.

“नोको,” आतून आवाज आला. “मले उठता येते.”