दाखल क्रमांक ३१४२

सुहासिनीबाई परचुऱ्यांना चौकशीची खोड होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून सात मिनिटांवरच्या वाचनालयात त्या शहात्तर सालापासून ग्रंथपाल. कुणी कुठलं पुस्तक नेलं, चार दिवसांत परत आणलं म्हणजे वाचलं की नुसतं पिशवीतून फिरवून आणलं, अमक्या बाई पाककृतींवरून एकदम आत्मचरित्रांवर का घसरल्या, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. ठाऊक नसलं तर जेवण गोड लागायचं नाही. "तू पोलिसात जायला हवं होतंस," असं त्यांचे यजमान म्हणायचे. त्यावर बाई म्हणायच्या, तिथे वाचायला काय मिळणार, पंचनामे?

तर अशा बाईंच्या टेबलापाशी एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीत एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, पंचाहत्तरी उलटलेली. म्हणाले, "विश्राम केळशीकरांचं 'निघावे कसे' आहे का तुमच्याकडे?"

बाईंनी मान वर केली. हे नाव त्यांनी किती वर्षांनी ऐकलं होतं. त्या शाळेत होत्या तेव्हा प्राध्यापक केळशीकर म्हणजे केवढं प्रस्थ. ठाण्यात त्यांचं व्याख्यान असलं की सभागृहाच्या खिडक्यांत पोरं लोंबकळायची. बाईंच्या थोरल्या भावाने वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं वाक्य ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'जो परतीची वाट लक्षात ठेवतो, तो निघालेलाच नसतो.' अर्थात भाऊ कुठेही निघाला नाही, बँकेत चिकटला, ती गोष्ट वेगळी. पण एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास केळशीकर बोलायचे थांबले ते थांबलेच. लोक विसरले. बाईंची तर समजूत होती की ते केव्हाच गेले.

"त्यांचं पुस्तक आता कोण मागतं हो?" बाईंनी विचारलं.

"मीच मागतो. मीच केळशीकर."

बाई चटकन उठून उभ्या राहिल्या. मग काय करावं ते न सुचून त्यांनी पंखा मोठा केला.

हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. केळशीकर आता मानपाड्याच्या बाजूला एका खोलीत एकटे राहत होते आणि दहा वर्षं हाच उद्योग करत होते. जुन्या वाचनालयांतून, रद्दीवाल्यांकडून, ओळखीच्यांच्या कपाटांतून 'निघावे कसे'च्या प्रती मिळवायच्या आणि घरी नेऊन बादलीत भिजत घालायच्या. दोन दिवसांत लगदा होतो, असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. त्यांच्या हिशेबाने आता ही एकच प्रत उरली होती. ही मिळाली की ते सुटले.

"अहो, पण का?"

"पुस्तक चुकीचं आहे."

"मग चूक सुधारून दुसरं लिहा की."

"दुसरं कोण वाचतं, बाई? पहिलं वाचून माणसं निघून गेलेली असतात."

याच्यापुढे ते बोलेनात. बाईंना कुतूहल स्वस्थ बसू देईना. त्यांनी दाखल रजिस्टर काढलं. क्रमांक ३१४२, 'निघावे कसे', आणि शेजारी त्यांच्याच अक्षरात नाव: धाकू कोळी. ते नाव वाचलं मात्र, त्यांना सगळं आठवलं.

धाकू खाडीपलीकडचा. पहाटे मासेमारी, दिवसा मानपाड्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर पाळी. पुस्तक हातात घेण्याआधी तो तळहात सदऱ्याला पुसायचा, म्हणून बाईंच्या लक्षात राहिला. अठ्ठ्याहत्तर साली त्याने हे पुस्तक नेलं आणि मग दर महिन्याला येऊन मुदत वाढवून घ्यायचा. सात वर्षं. एकदा बाईंनी न राहवून विचारलं, अहो, एवढं काय आहे त्यात? तर म्हणाला, "भांडण चाललंय बाई. मिटलं की आणतो." पंच्याऐंशीत तो छातीच्या दुखण्याने गेला. महिन्याभराने त्याच्या भावाने पुस्तक आणून दिलं. बाई तेव्हा रजेवर होत्या. परत येऊन बघतात तर ते एका इंग्रजी बॉयलरचं माहितीपुस्तक. जाडजूड, कोरं, आत कारखान्याचा गोल जांभळा शिक्का. नवरा गेलेल्या बाईला चुकीचं पुस्तक आलं म्हणून काय विचारायचं, असा संकोच वाटून बाईंनी ते खणात टाकलं. सहा वर्षं ते खणात होतं, आणि हा गोंधळ कसा झाला असेल हा प्रश्न बाईंच्या डोक्यात होता.

"चला," बाई म्हणाल्या. "तुमचं पुस्तक कुठे आहे ते मी दाखवते. पण ते चुकीचं का, ते मला सांगायचं."

"बघू," केळशीकर म्हणाले.

शनिवारी दुपारी दोघं रेतीबंदरावर गेली. धाकूचा भाऊ नाथा होडी घेऊन उभा होता. बाईंनी निरोप पाठवला होता आणि बॉयलरचं पुस्तक पिशवीत घेतलं होतं. होडीत बसायच्या आधी नाथाने पाण्याकडे पाहिलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"आज बीज हाय. साडेचारपरेंत पाणी ऱ्हाईल, मग पलीकडं नुसता चिखल. तवर उरका. नायतर रात्री भरतीला सोडीन."

"जायच्या आधीच यायचं ठरवता?" केळशीकरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात जुना वक्ता जरासा जागा झाला होता.

नाथाला प्रश्नच कळला नाही. "मग कवा ठरवायचं?" असं म्हणून त्याने होडी लोटली.

सगुणाबाईंचं, म्हणजे धाकूच्या बायकोचं, घर काठाला लागूनच होतं. ओसरीवर सुकटीचा वास, आत शेणाने सारवलेली स्वच्छ जमीन. भिंतीवर धाकूचा फोटो, खाली फळी, आणि फळीवर पुस्तक. त्याच्या खाकी कव्हरला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं, वर झेंडूचं फूल. केळशीकरांचा चेहरा कसनुसा झाला. जन्मभर ज्याने पूजेअर्चेवर कोरडे ओढले त्याच्या पुस्तकाला कुंकू. बाईंना हसू आवरेना, पण त्यांनी आवरलं.

बाईंनी बॉयलरचं पुस्तक पुढे ठेवलं आणि झालेला गोंधळ सांगितला. सगुणाबाई मान हलवत राहिल्या.

"चूक कशी होईल? मना वाचता येत नाय, पण डोळं हायत. शिक्का दोन्हींवर. मग मी पानं उलटून बगितली. याच्यात पानापानावर त्यांच्या हातचं पेन्सिलनी लिवलेलं. त्याच्यात एक अक्षर नाय. ज्याच्यात त्यांच्या हातचं, ते आमचं. कोरं ते तुमचं. म्हणून कोरं पाठवलं."

सहा वर्षांचं कोडं सुटलं आणि बाईंना ते उत्तर अगदी बरोबर वाटलं. केळशीकर मात्र पुढे सरकले. हात जोडून म्हणाले, "सगुणाबाई, हे पुस्तक मी लिहिलंय. मला ते परत हवं आहे. मी ते नाहीसं करणार आहे, खोटं कशाला सांगू."

सगुणाबाईंनी फूल बाजूला ठेवलं आणि पुस्तक मांडीवर घेतलं. "त्यांचा एक फोटो, आन् हे हातचं लिवलेलं. दुसरं काय नाय माझ्याकडं. पोरी बोलल्या, आये, वाचून दाखवतो. मी नाय दिलं. काय खाजगी असंल तर? पण तुमी लिवणारे. तुमी वाचा. मग बोला काय ते."

केळशीकरांना बारीक पेन्सिल दिसेना. म्हणून सुहासिनीबाईंनी वाचायला घेतलं. अहो, कुणीतरी सात वर्षं भांडलेलं वाचायला मिळणार, त्यांना तर हर्षच झाला होता.

बाराव्या पानावर होतं: 'मास्तर जोरात बोलतात. बरं वाटतं.' सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचे शब्द त्या सहा वर्षांनी ऐकत होत्या. विसाव्या पानावर: 'इथं मास्तरांनी दोनदा तेच सांगितलं.' सव्विसाव्या पानावर: 'हे मी सगुणाला सांगितलं. ती बोलली, मास्तर घरी भांडी घासत नसणार.'

"बोल्लेली मी," सगुणाबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

एकतिसाव्या पानावर ते प्रसिद्ध वाक्य आलं. त्याच्याखाली धाकूने दोन रेघा मारल्या होत्या आणि समास पूर्ण भरून टाकला होता. बाईंनी सावकाश वाचलं: 'मास्तर, हे चूक. आमी परतीचं पाणी आधी बघतो, मग होडी काढतो. माझा बा तसंच करायचा. न बघता निघाला तो शूर नाय, तो चिखलात. आन् घरचे काठावर.'

केळशीकर खाली मान घालून ऐकत होते. "मला हे कळायला सतरा वर्षं लागली," ते म्हणाले. "आणि ते कशाने कळलं, याबद्दल तर त्याने काही लिहिलेलं नाही ना?"

बाईंनी शेवटचं पान उलटलं आणि त्या थांबल्या.

"वाचा," केळशीकर म्हणाले.

"'मास्तरांना मूल नसावं. असतं तर असं लिवलं नसतं.'"

मग केळशीकरांनीच सांगितलं. पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांचा मुलगा आनंद पाच वर्षांचा होता. टेबलाखाली बसून खेळायचा. एकाहत्तर साली, बाविसाव्या वर्षी, तो घर सोडून गेला. भांडण नाही, तंटा नाही. टेबलावर चिठ्ठी ठेवून गेला, आणि चिठ्ठीत बापाचंच ते वाक्य. खाली सही. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. त्याची आई चार वर्षं दाराकडे बघत राहिली आणि गेली. "माझं पुस्तक एकाच माणसाने अक्षरशः मानलं, आणि तो माझा मुलगा निघाला," ते म्हणाले. त्यांना लाज वाटत होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

सुहासिनीबाईंना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. ते मिळायला नको होतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

केळशीकरांनी पेन्सिल मागितली. धाकूच्या ओळीखाली लिहिलं: 'होतं. पाच वर्षांचं. तुमचं बरोबर आहे.' आणि पुस्तक मिटून सगुणाबाईंच्या मांडीवर परत ठेवलं. "राहू द्या. हे आता माझं नाही. याच्यात चुकीचं आहे तितकंच बरोबरही आहे."

सगुणाबाई त्यांच्याकडे निरखून बघत होत्या. "पोरगा आला तर कुठं येईल?"

"आम्ही तेव्हा ठाण्याला होतो, नौपाड्यात. बायको गेल्यावर मी ते घर सोडलं. त्याची खोली बघवेना."

"तिथल्यांना नवा पत्ता दिला?"

"नाही."

"मग तो येऊन गेला असला, तरी तुमाला काय कळणार?"

वीस वर्षं केळशीकर मुलगा का गेला, एवढंच विचारत बसले होते. बाहेरून नाथाने हाक मारली, पाणी उतरायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुहासिनीबाई त्यांच्याबरोबर नौपाड्यात होत्या. कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना एकटं सोडवेना. दुसरा मजला, डावीकडचं दार. दार उघडलं ते गोदा नावाच्या पन्नाशीच्या बाईंनी. केळशीकर हे नाव ऐकून त्या जरा आठवत उभ्या राहिल्या.

"आम्ही नवीनच राहायला आलेलो तेव्हा एक जण विचारत आलेला. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. केळशीकर कुठे गेले म्हणाला. आम्हाला काय माहीत? जिन्यात बसून राहिला संध्याकाळपर्यंत. मी चहा दिला. मग गेला."

"कधी?" हे सुहासिनीबाईंनी विचारलं. केळशीकर कठड्याला धरून उभे होते.

"शहात्तरच्या दिवाळीनंतर. पुन्हा दोन-तीन वर्षांनी एकदा आलेला. नंतर नाही."

केळशीकर त्या जिन्याच्या पायरीवर बसले, आणि बाईही त्यांच्याशेजारी बसल्या. चौकशी करण्यासारखं खूप होतं, पण बाईंनी एक शब्द विचारला नाही. मग त्यांनी पर्समधून कागद काढून दिला. केळशीकरांनी मानपाड्याचा पत्ता लिहिला आणि खाली लिहिलं: 'मी दिवसभर घरीच असतो.' गोदाबाईंनी तो कागद दाराच्या आतल्या बाजूला, कॅलेंडरच्या खिळ्याला लावून ठेवला.

सोमवारी बाईंनी वाचनालयात दाखल रजिस्टर उघडलं. ३१४२ समोर 'निघावे कसे' होतं, तिथे 'वाचकाकडे कायम' असं लिहिलं. बॉयलरचं पुस्तक सगुणाबाईंनी परत घ्यायला नकार दिला होता, बदल्यात तुमच्याकडंच राहू द्या म्हणाल्या होत्या. ते बाईंनी तत्त्वज्ञानाच्या कपाटात त्याच नंबरवर लावलं. मग शेऱ्याच्या रकान्यात, आपल्यानंतर इथे जो कुणी बसेल त्यालाही वाचता यावं अशा अक्षरात, त्यांनी लिहिलं: 'हे पुस्तक कुणी मागायला आल्यास नाव विचारावे. आनंद केळशीकर असल्यास बसवून घ्यावे, चहा द्यावा, आणि वडिलांचा पत्ता द्यावा.' त्याच्याखाली त्यांनी पत्ता लिहिला, आणि पुढे स्वतःच्या घरचाही.