शेवटची सोळा पानं

मी एका अमेरिकन आमदाराचा चरित्रग्रंथ. शांत पडून राहणं मला कधी जमलं नाही, आणि त्याला कारण आहे.

नव्वदेक वर्षांपूर्वी मी मराठीत छापला गेलो. बांधणाऱ्याने घाई केली आणि माझी शेवटची सोळा पानं कडेला जोडलेलीच राहिली. कापल्याशिवाय ती उघडायची नाहीत. तसाच मी अमळनेरच्या एका ग्रंथालयात आलो आणि कपाटात उभा राहिलो.

माझ्या पोटातला माणूस एझ्रा कोल. शेतकऱ्याचा पोर. गिरणीत सूत जोडता जोडता लिहायला शिकला, गावाच्या नदीकाठच्या कुरणासाठी भांडला, म्हणून लोकांनी त्याला विधिमंडळात पाठवलं. अकरा वर्षं तो तिथे बसला. चांगला बोलायचा. पण कापणीचे दिवस आले की सगळ्यांनाच घरची ओढ लागायची. अशाच एका दिवशी पाठिंब्याच्या सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा फिरला, सगळ्यांनी न वाचता सह्या ठोकल्या, यानेही ठोकली. आत काय होतं? त्याच्याच गावचं कुरण गिरणीमालकाला द्यायचं विधेयक!

हे पान एकशे शहाण्णव. पुढची पानं जोडलेली. वाचक हळहळायचे, "वाया गेला बिचारा" म्हणायचे आणि मला परत करायचे. कुणी माझ्यात बसचं तिकीट ठेवलं, कुणी डाळीचा हिशोब माझ्या समासात केला. शेवट मात्र एकालाही वाचावासा वाटला नाही. माझा माणूस अर्ध्याच गोष्टीवर बदनाम होऊन फिरत होता आणि मी आतल्या आत चडफडत होतो.

मग सरिता आली. तालुक्यातल्या एका गावची नवी सरपंच. "निवडून आलेल्या माणसाने काय करायचं असतं, असं काही पुस्तक आहे का?" तिने विचारलं. ग्रंथपालांनी धूळ झटकून मला तिच्या हातात दिलं.

तिच्या ओसरीवर मी काय काय पाहिलं! ग्रामपंचायतीचा शिपाई सुपडूभाऊ ठरावांचं रजिस्टर घेऊन यायचा. पान कोरं असायचं. सरिता खाली सही करायची आणि वरचा मजकूर उपसरपंच मोतीलाल नाना सवडीने लिहून घ्यायचे. आधीच्या सरपंचांनीही असंच केलं होतं, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण मला तोंड कुठे होतं?

मागच्या मंगळवारी ती एकशे शहाण्णवाव्या पानावर पोचली आणि तेवढ्यात सुपडूभाऊ आला. तिने सवयीने सही केली. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "गायरान मोजाले मानसं उनात, अक्का. कंपनीले देनं शे म्हनतस. तोच ठराव लिखना शे वाटस."

सरिताचा चेहरा उतरला. गायरान कंपनीला द्यायचा ठराव तिच्या आत्ताच्या सहीवरच लिहिला जाणार होता. अख्ख्या गावच्या शेळ्या त्या गायरानावर चरतात. तिने मला उचललं, पुढचं पान उघडेना. केसातली पिन काढली आणि सर्रकन घडी कापली. नव्वद वर्षांत पहिल्यांदाच त्या पानांना वारा लागला. मला भीतीही वाटली आणि रडूही आलं.

आत लिहिलं होतं, की एझ्रा भर सभेत उभा राहिला. "सही माझी आहे, पण मी वाचलेलं नाही. माझं नाव काढा." लोक हसले. नाव काढलं, विधेयक तरीही मंजूर झालं, आणि पुढची निवडणूक तो हरला. तरी मरेपर्यंत गाव त्याला ओट्यावर बोलावून त्याच्याकडून कागद वाचून घेत असे.

"भाऊ, रजिस्टर काढ," सरिता म्हणाली. तिने कोऱ्या जागेवर वरपासून खालपर्यंत रेघ मारली आणि लिहिलं: 'पान कोरं असताना सही केली होती. ती रद्द.' खाली तारीख घातली.

सुपडूभाऊचा चहा गार झाला. "अक्का, नाना संतापतीन!"

"संतापू दे. गायरान बठ्ठास्नं शे. ठराव बठ्ठास्ना समोर लिखू."

गायरान सगळ्यांचं, म्हणून ठराव सगळ्यांसमोर लिहायचा, हे ऐकून नाना संतापले. सरिताविरुद्ध अविश्वास ठराव आला आहे, शुक्रवारी मतदान. मी तिच्या पिशवीत रजिस्टरखाली आहे आणि ती पिन अजून माझ्या पानांत आहे. ग्रंथपाल, मुदत संपली हे मला ठाऊक आहे, पण तेवढं दुसरं स्मरणपत्र पाठवू नका. मला त्या सभेला जायचंय.

माझ्या माणसाचं काय झालं ते मला पाठ आहे. हिचं काय होणार, ते माझ्या एकाही पानात नाही.