डावीकडे ओढणारं स्टेअरिंग

त्या मेल्या मशीनला आग लागो, असं मी रोज म्हणायचे आणि रोज आमच्या माणसाला तिथंच घेऊन जायचे. जळगावच्या बसस्टँडमागे नासीरचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथं मुंबईहून जुनी आणलेली एक मोटारीची मशीन होती. खुर्ची, स्टेअरिंग, पायाखाली पेडल आणि समोरच्या टीव्हीवर पळणारा रस्ता.

आमचे गिरधर केळीच्या ट्रकवरचे ड्रायव्हर. यावलला माल भरला की थेट दिल्ली. उन्हाळ्यात लकवा झाला आणि उजवा हात गेला. पुढं हलायला लागला, पण पेला उचलला तरी थरथरायचा. ट्रकचे मालक शालिग्रामशेठ म्हणाले, "गिरधर, दिवाळीनंतर ट्रक चालवून दाखव. जमलं तर गाडी तुझीच, नाही तर गोडाऊनवर राखण कर." राखण हा शब्द ऐकून हे भिंतीकडे तोंड करून झोपले. हाताची सवय करायला खरा ट्रक कोण देणार? म्हणून ही खोटी मोटार.

दसऱ्याला यांनी कहरच केला. ड्रायव्हर माणूस, स्टेअरिंगची पूजा केल्याशिवाय राहवतंय होय? मशीनला झेंडूचा हार घातला, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडून पाणी वर शिंपडलं. नासीर भला माणूस, हसून म्हणाला, "करा गिरधरभाऊ, तुमचीच गाडी आहे."

मोटार आधीही जरा डावीकडे जायची, दुसऱ्या दिवसापासून तर जास्तच ओढायला लागली. जराशी सरळ गेली की थेट खड्ड्यात.

"मशीनमाच खोट शे," हे म्हणायचे. "मना हात बरा शे."

तिथं टवाळक्या करत बसलेला मगन म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"तुझ्या बापाला लकवा झाला म्हणजे कळेल रे, मुडद्या!" मी त्याला असा झाडला की उठून गेला.

शेवटी नासीरनं मशीन उघडली. स्टेअरिंगच्या दांड्याखाली डबीएवढा पार्ट होता. "रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं ना भाभी, त्याच्या आतलाच प्रकार हा," तो म्हणाला. "या काळ्या पट्टीवरून काटा फिरतो, तशी मोटार वळते." पट्टी झिजली होती, आणि तिच्यावर दसऱ्याचं कुंकू चिकटून वाळलं होतं.

ते कुंकू बघून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! हात बरा होता, खोट मशीनचीच होती. "पाहिलंस?" हे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले. नासीरनं नवा पार्ट बसवला, तोवर मी मनातल्या मनात देवीला साडी-चोळी बोलले.

हे बसले. मोटार निघाली, जराशी सरळ गेली आणि डावीकडे वळली. परत बसले, परत डावीकडे. नासीर मान खाली घालून पेचकस पुसत राहिला.

"अजून बिघडलेलीच आहे मेली," मी म्हणाले. "उठा, मी दाखवते."

आयुष्यात मी सायकलसुद्धा धरलेली नाही. वाटलं, माझ्या हातात तर पहिल्या झटक्यालाच खड्ड्यात जाईल आणि यांचा जीव थंड होईल. चप्पल काढून पेडल दाबलं.

मोटार सरळ गेली. मी नुसते हात ठेवले होते, तरी सरळच जात राहिली. पाठीमागे यांचा श्वास ऐकू येत होता. मी स्टेअरिंग डावीकडे ओढलं आणि मोटार खड्ड्यात घातली.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" मी ओरडले.

जन्मभर स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला मी हात मुद्दाम फिरवला ते कळत नाही होय? हे पुढं आले. डाव्या हातानं माझे हात एकेक करून स्टेअरिंगवरून काढले.

"चाल, घर जाऊत," म्हणाले. "शेठले सांगी दे, मी राखण करस."

मी मेली कशाला बसले त्या खुर्चीत!